सुमनमावशींची जॉइनिंग डेट

"म्याडम, मी आज लागले व्हय कामाला?"

सुमनमावशींनी अपॉइंटमेंट लेटर माझ्यापुढं धरलं होतं. जॉइनिंग डेट, आजची. भोसरीतल्या त्या वर्कशॉपमध्ये त्या डिबरिंग करतात, म्हणजे मशीनवरून उतरलेल्या पार्टच्या धारदार कडा घासतात. कधीपासून? मी विचारलंच नव्हतं.

मी लेबर लॉ कन्सल्टंट. एकोणतीस कायद्यांचे चार कोड झाले आणि प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र देणं सक्तीचं झालं. तेव्हा मी वर्कशॉपच्या शेठना ऐटीत म्हणाले होते, "सगळं सोप्पं झालंय. तासाभरात उरकते." ज्यांचे जुने कागद नव्हते, त्यांना सरसकट आजची तारीख टाकून मोकळी झाले. एका बाईची सगळी नोकरीच पुसली की मी! जळली मेली ती घाई.

तारीख बदलू म्हटलं, तर शेठ म्हणाले, "काम तेच, पगार तोच. तारखेनं काय बिघडतं?"

"ग्रॅच्युइटी नोकरीच्या वर्षांवर ठरते, शेठ. त्यांच्या म्हातारपणाचा आधार आहे तो."

"मग पुरावा द्या. हजेरीचं जुनं मस्टर शेड बदलताना गेलं."

मावशी हळूच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या म्याडम. पर पोरीला सांगितलंय मी, तू रांगत व्हतीस तवापासनं कंपनीत हाय. कागद बघून म्हणंल, आई खोटं बोलली."

त्यांच्याकडं बघवेना, म्हणून भिंतीकडं बघितलं. तिथं ओळीनं फोटो. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली की सगळ्यांचा एक फोटो काढायचा, खाली वर्ष लिहून ऑफिसात लावायचा, ही शेठच्या वडिलांनी, आण्णांनी पाडलेली रीत.

मी चपला काढून खुर्चीवर चढले. एकेक फोटो मागं जात राहिले. प्रत्येकात मावशी, कडेला उभ्या. केस काळे होत गेले. सतराव्या फोटोत कडेवर पोर. अठराव्यात त्या नव्हत्या.

शेठ शेजारी येऊन उभे राहिले. "आण्णांनी ठेवलं होतं तुम्हाला," ते म्हणाले. "मला वाटायचं, तुम्ही पहिल्यापासून आहातच." मग माझ्याकडं वळले. "मॅडम, त्या खंडेनवमीची तारीख टाका."

"नवमी कशी?" मावशी फणकारल्या. "आखाडात लागले व्हते मी!"

"बरं बाई, आखाडापासून!"

नवं पत्र मावशींनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. घडी न घालता छातीशी धरून निघाल्या, पोरीला दाखवायला.

हल्ली जॉइनिंग डेटचा रकाना मी कामगाराला समोर बसवून भरते. एका पत्राला अर्धा तास जातो. कायदा सोपा झालाय, माझं काम नाही.