तिसरीचा वर्ग आणि रुसलेला मामा

आमच्या बाळाचं जावळ अडलं, ते मी तिसरीच्या मुलांना दयाळूपणा शिकवला म्हणून.

मी शिवाजी पेठेची सून. माहेर गावातच, पण दुसऱ्या पेठेत. लग्नाआधी दोन्ही घरांनी पत्रिका पाहिल्या, फुटबॉलचा संघ मात्र कुणीच विचारला नाही. (कोल्हापुरात ही चूक करू नये.) यंदा अंतिम सामन्यात सासरच्या संघानं माहेरच्या संघाला एका गोलानं हरवलं. माहेरचा गोलकीपर म्हणजे माझा सख्खा भाऊ संदीप, आणि बॉल गेला तो त्याच्या दोन पायांमधून.

मी शिकवते त्या सासरच्याच पेठेतल्या शाळेत तेव्हा माझा नवा उत्साह चालला होता: सृजनशील लेखन आणि दयाळूपणा, एकाच तासात! विषय दिला, 'हरलेल्या माणसाला धीर द्या.' अर्धा वर्ग मैदानात मॅच बघून आलेला. त्यामुळे सगळ्यांनी मन लावून माझ्या भावालाच लिहिलं. 'मामा, बॉल गेला तर जाऊ दे, तुमचे पाय तर शाबूत आहेत.' 'माझ्या आजीला पण वाकता येत नाही.' 'पुढच्या वर्षी आमच्या खेळाडूंना हळू मारायला सांगतो.' वाचून माझे डोळे भरून आले. प्रत्येक कागदावर मी लाल पेनानं 'छान' लिहिलं.

हे पोचवायचं कुणी? आमचे हे म्हणाले, मी देतो नेऊन. लग्नापासून कोपऱ्यावरून कोथिंबीर न आणणारा माणूस आपणहून निघाला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. ह्यांनी ते कागद घरी दिलेच नाहीत. थेट माहेरच्या तालमीसमोर (आमच्याकडे फुटबॉलचे संघही तालमींचेच), संदीपच्या सगळ्या संघात उभं राहून, एकेक मोठ्यानं वाचून दाखवला. वर पेढेही वाटले.

तासाभरात संदीपचा फोन. "अक्का, तू माझी बहीण हाईस का त्या पेठंची?"

मी समजावलं, अरे, मुलांनी मनापासून लिहिलंय, सहानुभूती आहे ती.

"सहानुभूती पेढ्यासंगट देत्यात व्हय? रविवारी जावळाला दुसरा मामा बघ."

दुसरा कुठून आणू? मला भाऊ एकच. बाळाचे पहिले केस मामाच्या मांडीवरच काढायचे, यावर मात्र दोन्ही पेठांचं एकमत. न्हावी सांगितलेला, जेवणाला सगळी भावकी सांगितलेली. माहेरी गेले, तर मी पुढच्या दारानं आत आणि संदीप मागच्या दारानं बाहेर. आई म्हणाली, "पाढं शिकवायचं सोडून हे कशाला काढलंस?" सासूबाईंनी मुलाला सोडून मलाच धारेवर धरलं. ह्यांना चिंता एकच, आपलं वाचन चांगलं झालं होतं त्याचं कुणी नाव काढेना.

शनिवारी हजेरी घेता घेता मला रडूच फुटलं. मग पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, तुमी हरलाय व्हय?"

मी हो म्हटलं. मधल्या सुट्टीनंतर टेबलावर एक कागद होता. 'बाई, रडू नका. सगळ्यांनाच शिकवता येतं असं नाही.' मी फोटो काढून संदीपला पाठवला.

रविवारी न्हावी दोनदा चहा पिऊन निघायच्या बेतात होता, आणि संदीप दारात! आत येऊन त्यानं बाळाला मांडीवर घेतलं. वस्तरा बघताच बाळ वळवळलं आणि थेट त्याच्या दोन गुडघ्यांमधून खाली घसरलं. संदीपनं गुडघे मिटले आणि त्याला तिथल्या तिथं अडवलं.

"आता वाचा की मोठ्यानं, दाजी," तो म्हणाला. हे पानसुपारीचं तबक शोधायला आत गेले.

जाताना भावानं मला आहेर दिला. तोच फोटो, मोठा छापून, फ्रेम करून आणलेला. आमच्या हॉलमध्ये घड्याळाखाली स्वतःच्या हातानं लावून गेला. आलेला पाहुणा तो वाचतो आणि मग माझ्याकडे बघतो. त्यावर मला काही बोलताही येत नाही, कारण मजकुराखाली सवयीनं, माझ्याच लाल पेनानं लिहिलेलं आहे, 'छान'.