दुपट्ट्यातली गारगोटी

बाबा गावाजवळच्या खाणीत कायनाइट फोडायचे. निळसर, पातीपातीचा दगड. भट्टीच्या विटांसाठी जातो. खोकला वाढला, क्षयाची औषधं दोनदा झाली, गुण आला नाही. धुळीनं होतंय म्हटलं की ते चिडायचे. "निळा दगड कोणाले खात नाही. माहा जन्म गेला त्याच्यात."

मी नागपुरात एका कॉलेजात सिलिकेट खनिजांवर रामन वर्णपटाचं काम करते. कणावर लेसर टाकायचा आणि परतणाऱ्या उजेडातला फरक मोजायचा. प्रत्येक खनिजाची रेषा ठरलेल्या जागी उमटते. बाबा तोंडाला दुपट्टा बांधून बसत. त्यावरची धूळ तपासायचं मी ठरवलं, कारण घरात माझ्या शब्दाला किंमत नव्हती, यंत्राच्या शब्दाला कदाचित असती. आईला दुपट्टा मागितला. तिनं तो घासून धुतला, वाळवला आणि घडी करून दिला. "लोकायच्या कॉलेजात मळका देऊ का?" मी तिच्यावर ओरडले. त्याची आजही लाज वाटते.

दुपट्ट्याचा काठ दुमडून शिवलेला होता. तो उसवला, तर आत चिमूटभर धूळ निघाली. पत्र्याच्या तुकड्यावर झटकली, एकेक कण लेसरखाली घेतला. कायनाइटच्या रेषा आल्या, त्या येणारच होत्या. पण कणामागून कण चारशे चौसष्टच्या खुणेवर उंच रेषा येत गेली. ती पांढऱ्या गारगोटीची. गारगोटीची बारीक धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. बाबांच्या छातीत काय आहे ते डॉक्टरच सांगणार, पण श्वासात काय जात होतं ते माझ्यासमोर होतं. ही रेषा मी शेकडो वेळा पाहिली असेल. त्या दिवशी पाहवेना.

रेषांचा कागद घरी नेऊन बाबांना दाखवला, गारगोटीचं सांगितलं. त्यांनी उंच रेषेवर बोट ठेवलं.

"हव," ते म्हणाले, "निळ्याले पांढरा चिकटून असतेच. तोच तं हातोडीनं झाडून काढा लागते. माल साफ पाहिजे."

माल साफ करण्यात त्यांचा हात धरणारं खाणीत कोणी नव्हतं. मला त्याचा लहानपणापासून अभिमान होता.

"बाबा, आता जाऊ नका," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, ऐकलं. मग म्हणाले, "माह्यासंगं ज्या बाया बसतात, त्यायले पांढरा झाडून काढाले मीच शिकवलं. त्यायले कोण सांगन?"

त्या बायांचं माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. बाबांना दम लागत होता, तरी कागद घेऊन ते त्या बायांच्या घरांकडे निघाले.