क्षमेवरचं माझं भाषण

नाताळच्या दिवशी तुम्ही तिघांनी फोनवर विचारलंत, उंब्रजची आजी दिसत कशी नाही? मी म्हटलं, तिचे गुडघे दुखतात, प्रवास झेपत नाही. ते खोटं होतं. तिचे गुडघे माझ्या गुडघ्यांपेक्षा चांगले आहेत. ती आली नाही ती माझ्यामुळे, आणि यापुढे येईल की नाही हे मला ठाऊक नाही.

नातवंडांशी खोटं बोलले हे मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले आहे. तिला विचारून लिहिते आहे. तिने एकच अट घातली, तिची मूळ चूक काय होती ते तुम्हाला सांगायचं नाही. ती अट मी पाळणार आहे. त्यामुळे एके ठिकाणी गोष्ट अर्धी वाटेल. वाटू द्या.

उंब्रजची आजी म्हणजे माझी धाकटी जाऊ, तुमच्या आजोबांच्या भावाची बायको. दीर गेल्यावर ती उंब्रजला मुलाकडे राहायला गेली. पण तिचं चर्च सांगलीचंच राहिलं. महिन्याच्या प्रभुभोजनाच्या उपासनेला आदल्या दिवशी एसटीने यायची, माझ्याकडे उतरायची. नाताळात आठवडाभर आधी यायची आणि करंज्यांचा ताबा घ्यायची. मी लाटलेली पारी उजेडात धरून म्हणायची, "ताई, ही करंजी हाय का चपाती?"

काही वर्षांपूर्वी तिने माझं एक वाईट केलं. लहानसहान नव्हतं. कळल्यावर मी तिच्याशी बोलणं टाकलं. चर्चमध्ये भेटलो तर "नमस्कार" एवढंच. मग मागच्या वर्षी, ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात, ती न कळवता घरी आली. आतल्या खोलीत जाऊन तिने दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "ताई, माजं चुकलं. माफ करा."

मी जन्मभर शिकवण्याचं काम केलं. मी म्हटलं, "नक्की काय चुकलं ते बोल."

तिने बोलून दाखवलं. एक तपशील राहिला होता. मी म्हटलं, "आणि?" मान खाली घालून, रडत तिने तोही सांगितला. मग मी माफ केलं म्हणाले. दोघींनी गुडघे टेकून प्रार्थना केली, तिने चहा ठेवला. तो तपशील मला आधीपासून माहीत होता. मला तो तिच्या तोंडून ऐकायचा होता. हे तेव्हा मला वाईट वाटलं नाही. आता वाटतं.

तरी ते तिथेच संपलं असतं. ती पुन्हा येऊ लागली, राहू लागली. माझ्या मसाल्याच्या डब्याला पुन्हा नावं ठेवू लागली.

ऑगस्टात महिला मंडळाच्या सभेत मला बोलायला सांगितलं. विषय होता क्षमा. माझं बोलणं शिस्तीचं असतं, म्हणून अशा वेळी मलाच पुढे करतात. मी मुद्दे काढले, बायबलमधली वचनं शोधली. सगळं नीट झालं, पण कोरडं वाटत होतं. उदाहरणाशिवाय धडा मनात उतरत नाही, हे मी वर्गात कितीदा पाहिलेलं. माझ्याजवळ एक उदाहरण होतं, आणि तेही ताजं.

मी नाव घेतलं नाही. "माझ्या जवळच्या नात्यातली एक स्त्री" एवढंच म्हटलं. मग तिने काय केलं ते सांगितलं, मला किती लागलं ते सांगितलं, ती कशी आली, कशी रडली ते सांगितलं, आणि देवाने मला माफ करायचं बळ कसं दिलं याची साक्षही दिली. आपल्या चर्चची मंडळी केवढीशी! माझ्या जवळच्या नात्यातली स्त्री म्हणजे कोण, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आणि माझी जाऊ त्या आठवड्यात माझ्याकडेच राहायला होती. ती हॉलमध्ये मागे, दाराजवळच्या खुर्चीवर, चिवड्याची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

बोलता बोलता मला दिसलं की बायका मागे वळून बघतायत. मला वाटलं, डोळे पुसतायत, म्हणून तोंड फिरवतायत. खरंच तसं वाटलं. मी आणखी थोडं बोलले.

सभा संपल्यावर चार जणींनी माझा हात हातात घेतला. "टीचर, केवढं मोठं मन तुमचं!" दाराजवळच्या खुर्चीवर फक्त चिवड्याची पिशवी होती. घरी आले तर किल्ली शेजारणीकडे ठेवलेली आणि तिची बॅग गेलेली.

तुम्हाला वाटेल, मी तेव्हाच धावत गेले असेन. नाही. मी रागावले. मी म्हणत होते, यात तिची काय बदनामी? उलट ती किती नम्र झाली हेच मी सांगितलं. फोन केला, तिने उचलला नाही, मग मीही केला नाही. दिवाळी गेली, नाताळ आला, करंज्या मी दुकानातून आणल्या, आणि तुम्हाला गुडघ्यांचं सांगितलं.

नवीन वर्षाच्या पहिल्या प्रभुभोजनाला पाळकांनी नेहमीसारखं सांगितलं, कुणाशी काही बिनसलं असेल तर आधी जाऊन मिटवा, मग या. हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि दर वेळी मनात दुसऱ्याच कुणाचा तरी चेहरा आणत आले आहे. त्या दिवशी माझाच आला. तरी भाकरीचं ताट पुढे आल्यावर मी तुकडा घेतला. न घेता ताट पुढे सरकवलं असतं तर बाकावरच्या सगळ्यांनी पाहिलं असतं. एवढंच कारण. बाकी काही नाही.

मंगळवारी सकाळी मी साताऱ्याच्या एसटीत बसले आणि उंब्रजला उतरले. जाऊ अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत होती. मला बघून उठली नाही.

"या. बसा. यवढ्या लांब यष्टीनं पावटं सोलायला तर आला न्हाई तुमी."

मी बसले. बसमध्ये मी काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. म्हटलं, "मला तुझी तीन गोष्टींसाठी माफी मागायची आहे."

"तीन?" तिने शेंग खाली ठेवली. "आवं ताई, हितंबी मुद्दे? येकच हाय ती बोला."

मी एक शेंग उचलली. एवढी भाषणं केलेली मी, आणि अंगणातल्या त्या पाटावर ठरवलेलं एकही वाक्य कामाचं उरलं नाही. कशीबशी म्हणाले, "तू मला दार लोटून सांगितलंस आणि मी ते सगळ्यांना सांगितलं."

"व्हय. बायाबापड्यांस्नी दार उघडून दावलं तुमी. बगा, कशी रडली ती!" तिचा आवाज चढला. "मला वाटलं, देवानं इसरलं, ताईनं इसरलं, आता मी बी इसरू का? आनि तुमी माजा धडा केलासा. आता सांगलीच्या चर्चात मी कोन हाय? तुमच्या धड्यातली बाई."

आतून सून डोकावली आणि आमचे चेहरे बघून परत गेली.

मी म्हटलं, "पुढच्या सभेत मी सगळ्यांसमोर तुझी माफी मागते."

"नगा!" ती जवळजवळ ओरडली. "परत माजंच दळण दळणार? आनि त्या बाया काय म्हनतील? टीचर किती नम्र! पुन्यांदा तुमचंच नाव व्हनार. गप ऱ्हावा, ताई. तेवडं जमतंय का बगा."

तिचं खरं होतं. बसमध्ये मी त्या माफीचीही वाक्यं जुळवली होती, आणि ती चांगली जुळली होती.

"मग मी करू काय?"

"काय करू नगा."

बराच वेळ आम्ही शेंगा सोलल्या. निघताना राहवलं नाही, मी विचारलं, "तू मला माफ केलंस का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "केलं म्हनून सांगितलं, की तुमी त्येचीबी साक्ष द्याल."

सुनेने कागदात पावटा बांधून दिला. स्टँडवर सोडायला जाऊ आली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी महिला मंडळाच्या चिटणीसबाईंचा फोन आला. साताऱ्याच्या मंडळीला माझं तेच भाषण हवं होतं. "त्या जावेच्या उदाहरणासकट हं, टीचर," त्या म्हणाल्या. मी नाही म्हटलं. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, मला जमणार नाही. "तब्येत बरी नाही का?" बरी आहे, म्हटलं. "मग?" मी गप्प राहिले. त्यांना ते लागलं. पुढच्या रविवारी त्या माझ्या बाकाजवळून माझ्याकडे न बघता गेल्या, आणि दुपारी शेजारणीकडून कळलं की टीचरना हल्ली फार भाव चढलाय असं कुणीतरी म्हणालं.

ते ऐकल्यावर मी आधी काय केलं ते सांगते. उंब्रजचा नंबर लावला. तिला सांगायचं होतं, बघ, मी गप्प राहिले, बोलणी खाल्ली, तरी तुझं नाव काढलं नाही. रिंग जायच्या आत फोन बंद केला. ते सांगणं म्हणजे पुन्हा साक्षच झाली असती, या वेळी तिच्यासमोर. मला स्वतःची लाज वाटली ती सभेतल्या बोलण्याची वाटली त्याहून जास्त, कारण या वेळी ऐकायला कुणीही नव्हतं आणि तरी मला शाबासकी हवी होती. प्रार्थनेला बसले तर तिथेही तेच. देवाला सांगायला लागले की मी किती पश्चात्ताप केला. मग काही न बोलता बसून राहिले.

परवा तिचाच फोन आला. नमस्कार नाही, काही नाही.

"ताई, पेठेत नवी हळद आली का?"

"आली आहे."

"बरी बगून आनून ठिवा. मागल्या खेपंवानी भुगा नगं. मी यीन न्हाईतर पोराला धाडीन."

तेव्हाच मी तुम्हाला लिहिण्याचं विचारलं, आणि तिने अट घातली. बाकी मी काहीही विचारलं नाही. ती स्वतः येणार की मुलाला पाठवणार, कधी, प्रभुभोजनाला थांबणार का, सगळं जिभेवर होतं.

काल बाजारात जाऊन हळद आणली. तुकडा मोडून आतला रंग बघून घेतली.