पाहणाऱ्याची ओंजळ

गावात कुणी सहज म्हटलं, "काल नाल्यावर सांबर पाह्यलं," तर दसरूभाऊ चालता चालता थांबायचे आणि विचारायचे, "कोणतं पाह्यलं? सी, लूक का वॉच?"

माणूस हसायचा. दसरूभाऊ हसत नसत. उत्तर मिळेपर्यंत काठीवर हनुवटी टेकून उभे राहत.

ते जंगल खात्यात रोजंदारीवर राखणदार होते. शाळा दुसरीपर्यंत. पण वाघांची मोजणी करायला एक मॅडम बाहेरून तीन हिवाळे आमच्या गावात येऊन राहिल्या होत्या. त्यांची पिशवी खांद्यावर घेऊन दसरूभाऊ त्यांच्यापुढे चालायचे. पैशांशिवाय त्यांनी मॅडमकडून आणखी एक गोष्ट कमावली, ती म्हणजे हे तीन शब्द. आपल्याकडे एका 'पाहण्या'त सगळं भागतं, इंग्रजीत त्याचे तीन वाटे पडतात, याचं त्यांना फार अप्रूप होतं.

"आयक," ते मला सांगायचे. "सी म्हंजे दिसलं. त्यात आपली का हुशारी? डोये उघडे होते, दिसलं. लूक म्हंजे आपून मान वळवली. अन् वॉच म्हंजे," इथे ते जरा थांबायचे, "वॉच म्हंजे मान वळवली, अन् मंग तिथून हाललोच नाई."

मी तेव्हा नुकतीच नववीतून शाळा सोडली होती. आईला हाताखाली माणूस हवं होतं, आणि मलाही वर्गात उभं राहून वाचायची भीती वाटायची. शाळा सोडल्यावर माझ्याशी इंग्रजीतलं काही बोलणारे ते एकटेच उरले. शब्द आला नाही तर त्यांच्यापुढे लाज वाटत नसे, कारण पुष्कळदा त्यांनाही तो येत नसायचा.

मोहफुलांच्या दिवसांत आमच्या गावची एक रीत आहे. झाडाखाली वाकून वेचणारी बाई दुरून चार पायांच्या जनावरासारखी दिसते आणि तिच्यावर झडप पडू शकते, म्हणून दर टोळीतलं एक माणूस काहीच वेचत नाही. झाडाच्या बुंध्याला पाठ लावून ते नुसतं पाहत उभं राहतं. वेचणं संपलं की प्रत्येक बाई आपल्या टोपलीतली एक ओंजळ त्याच्या दुपट्ट्यात टाकते. ती पाहणाऱ्याची ओंजळ. बहुतेक दिवस ती दसरूभाऊंची असायची. एका सकाळी त्यांना दुसऱ्या बाजूला फेरी होती, तेव्हा त्यांनी मला उभं केलं.

ती सकाळ आजही मला स्वप्नात दिसावी तशी आठवते. बायांनी झाडाखालचा पाला आदल्या दिवशी जाळून जागा साफ केली होती. त्या काळ्या भुईवर फिकट फुलं टपटप पडत होती. हवेत गोड, जड वास. ऊन फांद्यांतून तुकड्यातुकड्यांनी उतरत होतं आणि पलीकडे नाल्याकाठी पिवळं गवत उभं होतं. मी गवताकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं, पुन्हा गवताकडे पाहिलं. कितीदा तरी. मग माझ्या पायाशीच फुलांचा एवढा सडा पडलेला दिसला की मी खाली बसले आणि ओढणीत वेचू लागले. दोन मुठी, जास्त नाहीत.

"बायांनो, उठा. सिध्या उभ्या राहा. पयू नका."

दसरूभाऊंचा आवाज मागून आला, अगदी हळू. फेरीवरून ते परत आले होते. सगळ्या उभ्या राहिल्या. वारा नव्हता आणि गवत हलत होतं. माझी आई गवतापासून वीस पावलांवर होती. दसरूभाऊंनी काठी बुंध्यावर आपटली, बाया मोठमोठ्यानं बोलू लागल्या, आणि गवतातून तो उठला. तो समोर असला की आमच्याकडे त्याचं नाव घेत नाहीत. त्यानं एकदा आमच्याकडे पाहिलं, आणि घाई नसल्यासारखा नाल्यात उतरून गेला.

गावाच्या वाटेवर एका काकीनं विचारलं, "पाहून कोन राह्यलं होतं वं?"

माझ्या ओढणीतली फुलं दसरूभाऊंनी पाहिली होती. ते म्हणाले, "आमी दोघं होतो. मी अन् हे पोरगी."

बाया पुढे गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "गवत किती खेपा पाह्यलं?"

"लय खेपा."

"अन् हाललं तवा?"

मी रडू लागले. ते रागावले नाहीत. घरापर्यंत माझ्यासोबत चालले, बस.

रात्रभर माझ्या डोळ्यांपुढे आईची वाकलेली पाठ होती. आता मला कुणी बुंध्यापाशी उभं करणार नाही, आणि करूही नये, असं मला वाटत होतं. सकाळी दसरूभाऊ दारात आले. "चाल, उभी राहाले."

आईच मधे पडली. "नको भाऊ. हे नको. हिचं ध्यान नाई."

"बाई, जिचा कालच भेवानं जीव उडाला, ते आज गवताले पाठ दाखवीन का? आजच्या दिवशी हिच्यापेक्षा चांगलं पाहणारं या गावात कोनी नाई. मी बी नाई."

त्या दिवशी मी पापणीसुद्धा भीत भीत मिटली. शेवटी बायांनी माझ्या ओढणीत ओंजळी टाकल्या. आईनंही टाकली.

आता मी पुण्याला एका आजींना सांभाळते. पहिल्याच आठवड्यात त्यांना तपासायला येणाऱ्या नर्सबाईंनी गोळ्यांबद्दलचा इंग्रजी कागद भिंतीवर लावला. त्यातला एकच शब्द मला धड वाचता आला, 'वॉच'. म्हणून आजींनी गोळी तोंडात घेतली तरी मी तिथून हलले नाही. त्यामुळेच कळलं की आजी गोळी गालात धरतात आणि मागाहून उशीच्या खोळीत ठेवतात. खोळीत अकरा गोळ्या निघाल्या. नर्सबाईंनी विचारलं, "तुला कसं कळलं गं?" मी म्हटलं, "पाहत होते." दसरूभाऊंचं नाव सांगायला हवं होतं. सुचलं नाही.

गेल्या थंडीत ते तापानं गेले. आजींपाशी दुसरं कुणी नव्हतं, मला जाता आलं नाही.

परवा गावाकडच्या एका माणसाच्या हाती आईनं कापडी पिशवी पाठवली. आत वाळलेली मोहफुलं. फोनवर म्हणाली, "दसरूभाऊची ओंजळ कोनाले द्याची, म्हून बाया खूप येळ बसल्या होत्या. मंग सगळ्याईनं तुयंच नाव घेतलं."

"मी कुठी उभी होती तिथी?"

"इथी नाई. पन त्या म्हातारीपाशी तं उभीच आहेस ना?"

मी पिशवी उघडली तशी खोलीभर तो वास पसरला. आजींनी डोळे उघडले, हात पुढे केला. एक फूल भिजवून, मऊ करून, मी त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते तोंडात टाकलं आणि बराच वेळ चघळत राहिल्या. त्यांचा गळा हलेपर्यंत मी तिथून हलले नाही.