गोगलगायींचा उपास

धुरपतावर आळ आला तो समुद्रामुळे, आणि समुद्र तर बाईनं जन्मात पाहिला नव्हता! वर्ध्याच्या एका कॉलेजात ती आठ वर्षं झाडलोट करायची. अठ्ठावन्न साली तिथल्या प्रभाकररावांनी, म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या प्रोफेसरांनी, मुंबईहून मेलगाडीनं खारं पाणी, हिरवं शेवाळ आणि बोटाच्या पेराएवढ्या समुद्री गोगलगायी मागवल्या. एका बरणीत ओल्या कागदासारखं पातळ शेवाळ, दुसरीत हिरव्या मण्यांच्या घोसांचं. पहिल्या बरणीतलं शेवाळ गोगलगायींनी दोन दिवसांत फस्त केलं. दुसरीतल्या मात्र मण्यांना तोंड लावीनात.

ही दुसरी बरणी नेमकी दाराशी. झालं! प्रभाकररावांचं डोकं तापायला तेवढं पुरे होतं.

"धुरपता, फरशी पुसताना फिनाइल उडवलंस तू," असं म्हणून त्यांनी तिला कामावरून काढायची चिठ्ठी लिहायला घेतली.

नोकरी गेली की पुन्हा दुसऱ्याच्या वावरात निंदण. पण न केलेल्या चुकीला मान खाली घालणारी ती नव्हे.

"साहेब, फिनाइलनं ह्या मेल्या असत्या. ह्या तं नुसत्या उपाशी बसून राह्यल्या." तिनं एक मणी चिरडून जिभेच्या टोकाला लावला. मिऱ्यासारखं चुरचुरलं. "याच्या अंगातच तिखट हाय. मिरचीले अळी लागू नाई म्हणून आमी कडुलिंबाचा पाला वाटून शिंपडतो ना, तसं यानं आपलं औषध आपणच केलं. कपाटात याच मण्यांची बंद बरणी हाय, ते काढा, तिले माहा हात लागला नाई."

प्रभाकररावांचा टाक थांबला. रागीट होते, पण हाडाचे मास्तर. बंद बरणीतले मणी त्यांनी स्वतः खलात वाटले. वेगळ्या राखून ठेवलेल्या पातळ शेवाळाचं एक पान मधोमध कापलं, अर्ध्याला तो रस चोपडून वाळू दिला आणि दोन्ही तुकडे भुकेल्या गोगलगायींपुढे ठेवले.

तासाभरात साधा तुकडा संपला. रस लावलेल्यापाशी एकेक गोगलगाय यायची, शिंगं आखडायची आणि मागे वळायची. धुरपताला हसू आवरेना.

प्रभाकररावांनी चिठ्ठी टराटरा फाडली. "चुकलो मी," ते म्हणाले, आणि आपली खुर्ची पुढे सरकवली. "बसा, धुरपताबाई. अजून काय काय पाहिलंत ते सांगा, लिहून घेतो."

आठ वर्षं ज्या खुर्चीखालचं झाडलं, तिच्यावर ती ऐसपैस बसली. मग खाली पडलेल्या कपट्यांकडे बोट दाखवून म्हणाली, "साहेब, हे आता कोण झाडन?"