रश्श्यात काय टाकलं

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आता छातीत जरा धडधडलं की तो रविवार आठवतो. म्हणून लिहून टाकतो.

मुलगी नोकरीला फ्रान्समध्ये होती. सुट्टीत तात्यापारा या जुन्या मराठी मोहल्ल्यातल्या आमच्या घरी आली ती दक्षिणेकडची लाल वाइन घेऊन. तिकडचं ऊनही आपल्यासारखंच कडक, म्हणाली. ग्लास फिरवून आधी वास कसा घ्यायचा ते तिने शिकवलं. मला पिकल्या जांभळाचा वास आला, मागून थोडा मिऱ्याचा. घोट घेतला तर जीभही जांभळं खाल्ल्यासारखी आखडली.

"बाबा, ही मटणासोबत घेतात. तिथं तर मटण शिजवतातसुद्धा हिच्यात."

आमच्या घराण्यात रविवारचं मटण पुरुषाने करायचं, आणि आत काय टाकलं ते कोणालाही सांगायचं नाही. वडिलांनी सांगितलं नाही, मीही सांगत नव्हतो.

रस्सा उतरवला, चाखला, वर वाइन घेतली. तिखट भडकलं, वाइन कडू झाली. जोडी जमेना. मुलगी आंघोळीला गेली होती. उरलेली अर्धी बाटली मी पातेल्यात ओतली आणि ढवळलं. चव छान गोल झाली. बाटली कोठीमागे लपवली, कारण धाकटा भाऊ बायकोला घेऊन जेवायला येणार होता. त्याची दारू सुटून वर्ष होत आलं होतं. बाटली त्याला दिसू नये, एवढंच मला सुचलं.

त्याने रस्सा पुन्हा मागून घेतला.

"दादा, आज काय टाकलं रे? येगळाच लागून राहिला."

"सांगत नसतो."

"मरताना तरी सांगजो."

जेवून तो कोपऱ्यावर पान खाऊन आला. आल्याबरोबर भिंतीला टेकला. चेहरा लालभडक, मानेची शीर थाडथाड उडत होती. मग ओकला आणि घामाने गार झाला. त्याच्या बायकोने तोंडाचा वास घेतला.

"कुठं पिले? पान खाले गेले होते का प्याले?"

"पोट्ट्याची शपथ, नाही घेतली."

दवाखान्यात तिने पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढलं. दारू सुटावी म्हणून तो त्या रोज घ्यायचा. मला ठाऊक नव्हतं. डॉक्टर पाकीट बघून म्हणाले, "इस गोली पर शराब जरा भी गई तो यही होगा. जान भी जा सकती है."

तो आत मरतो की काय, ही एक भीती. दुसरी लाज वाटावी अशी: मला कोणी विचारलं तर? आणि तिने विचारलंच.

"भाऊजी, तुमच्या घरी तर नव्हती ना?"

"नाही. तो मधात बाहेर गेला होता."

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, धोका टळला. तेव्हा तरी बोलायचं होतं. मुलगी परत गेल्यावर तिने फोनवर विचारलं, उरलेल्या वाइनचं काय केलं. सांडली, म्हणालो.

त्याची बायको मुलाला घेऊन गोंदियाला माहेरी गेली. काही दिवस तो भेटेल त्याला सांगत राहिला की आपण घेतली नव्हती. लोक हसले. मग त्याने सांगणं सोडलं, आणि खरोखरच प्यायला लागला.

शेवटच्या आजारपणात मी त्याच्या उशाशी बसायचो. पोट फुगलं होतं, डोळे पिवळे झाले होते. एकदा तो म्हणाला, "दादा, त्या दिवशी मी खरंच नव्हती घेतली. तुले तरी पटते का?"

"झालं ते झालं. जाऊ दे," मी म्हणालो, जसं काही मीच त्याला माफ करत होतो. त्याने भिंतीकडे तोंड केलं. ओठांपर्यंत आलेलं तेव्हाही भीतीने गिळलं, ते हे:

तू नव्हतीच घेतली, बापा. मी टाकली होती, रश्श्यात. मले माफ कर.