टॉवरवाला विठू

आमचा विठू पहिल्यापासून भित्रा. हे मी त्याची थोरली बहीण म्हणून सांगते. दुसऱ्या कोणी म्हटलं तर त्याची खैर नाही.

मी गुणाबाई. खारबावच्या पुढे आमचं गाव, तिथल्या अंगणवाडीत मी मुलं सांभाळते. माझा आवाज वेशीपर्यंत ऐकू येतो असं लोक म्हणतात. म्हणू देत. खोलीभर पोरांना हळू आवाजात खिचडी भरवून दाखवा, मग बोला माझ्याशी.

आई गेली तेव्हा विठू रांगत होता. त्याला मीच वाढवला. वीज कडाडली की हा भाताच्या कणगीमागे जाऊन बसायचा, आणि मी हाताला धरून ओढून बाहेर काढायचे. मोठा झाल्यावर शेलार गावात कापडाच्या लूमवर लावला. तिथे एकदा शटल उडालं आणि ह्याच्या कानाजवळून गेलं. लागलं काहीच नाही. पण हा घरी आला तो परत लूमकडे फिरकलाच नाही. मग मानकोलीच्या गोदामात चिकटवला. तिथे रॅकवर चढून खोके काढायला सांगितले, तर हा शिडीच्या तिसऱ्या पायरीवर डोळे मिटून उभा राहिला. चौघांनी उतरवला म्हणे. मी इतकी बोलले त्या दिवशी, की शेजारची बाई मध्ये पडली.

एवढ्यात गावातल्या काळूरामच्या शेतात मोबाइलचा टॉवर उभा राहिला आणि ठेकेदाराला राखणीला माणूस हवा होता. खाली केबिनमध्ये बसायचं, जनरेटरला डिझेल घालायचं, कोणी वायरी चोरत नाही ना ते बघायचं. वर चढायला वेगळी माणसं यायची. म्हटलं, देवाने ही नोकरी आमच्या विठूसाठीच काढली. तेव्हापासून तो टॉवरवाला विठू झाला.

पहिल्याच आठवड्यात सुपरवायझरने त्याला वरचा लाल दिवा दाखवला. म्हणाला, "हा विमानासाठी आहे. अंधारात, धुरात टॉवर दिसत नाही, दिवा दिसतो. उद्या दिवा बंद राहिला आणि काही झालं, तर पहिला तू आत." तो गमतीत बोलला असेल. पण विठूने ते कायमचं मनावर घेतलं. रोज दिवेलागणीला हा केबिनबाहेर मान वर करून उभा. अंधार पडला की दिवा आपोआप लागायचा, तो लागला की हा आत जाऊन चहा ठेवायचा. एकदा दिवा गेला होता, तर दुरुस्तीचा माणूस येईपर्यंत ह्याच्या घशाखाली घास उतरला नाही. आकाशात नुसतं घुं झालं तरी बाहेर यायचा. मी म्हणायचे, "अरे, विमानं ढगांच्या वरून जातात. तुझ्या टॉवरला कोण येतंय धडकायला?" तो मान हलवायचा. माझ्यासमोर तो मानच हलवायचा.

मग माझ्या मुलाचं, दीपेशचं लग्न ठरलं. मुलगी भाविका, मानकोलीकडच्या केसरीनाथरावांची एकुलती एक. त्यांची जमीन गोदामांना गेलेली, त्यामुळे हौसेला कमी नाही. ते म्हणाले, लेक हेलिकॉप्टरने सासरी जाईल. आमच्याकडे आता हे चालतं. शाळेचं मैदान ठरलं. मैदानाला लागून काळूरामचं शेत, आणि शेताच्या कडेला विठूचा टॉवर.

हळदीच्या दिवशी सकाळी गावची डीपी, विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळली. वीजवाले म्हणाले, नवीन यायला दोन-तीन दिवस लागतील. घरात पाहुणे, दारात मांडव, आणि लाईट नाही. माझं डोकं फिरलं. मी तडक टॉवरवर गेले.

"तुझ्या जनरेटरवरून मांडवाला लाईन दे," मी म्हटलं.

"ताई, कंपनीचा हाय तो. कळलं तर काढतील मला."

"कंपनी काय हळदीला येणार आहे?"

"तसं न्हाय. बोर्डात जागा न्हाय. एकच हाय, ती पण..."

"विठू, मला कारणं नकोत. भाच्याची हळद आहे. संध्याकाळी मांडव उजळला पाहिजे."

तो म्हणाला, "देतो."

ती एकच जागा लाल दिव्याची होती. त्याने दिव्याची वायर काढली आणि तिथे मांडवाची लावली. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. संध्याकाळी मांडव असा झगमगला, की बाजूच्या गावचे लोक बघायला आले. टॉवर काळा राहिला ते कोणाच्या लक्षात आलं नाही, सगळ्यांच्या माना खाली. विठू तेवढा मटणाचं ताट तसंच ठेवून ओट्याच्या टोकाला आकाशाकडे बघत बसला होता. त्यावरूनही मी बोलले, की भाच्याच्या हळदीला असा सुतकी चेहरा करून बसतात का.

लग्न दुसऱ्या दिवशी दुपारचं, मानकोलीला. अक्षता पडल्या आणि मी जीपने पुढे निघाले, घरी सुनेच्या स्वागताचं बघायला. विठूलाही आणला, डिझेल घालायला तोच लागणार. मामा म्हणून त्याला गुलाबी फेटा बांधला होता. हेलिकॉप्टर चारला यायचं होतं. पण फोटोवाल्यांनी घोळ घातला, मग जेवणं लांबली. सूर्य खाली गेला. माघाचा महिना, वीटभट्ट्यांचा धूर आणि संध्याकाळचं धुकं एक झालं, मैदानापलीकडचं झाड दिसेना. हवालदिल होऊन मी अंगणात येरझाऱ्या घालत होते. तेवढ्यात दीपेशचा फोन आला. मी स्पीकरवर घेतला.

"आई, निघतोय. पायलट म्हणतोय, उशीर झालाय, पण पाच-सात मिनिटांचं अंतर आहे, नेतो. मैदान कळावं म्हणून त्याला सांगितलंय, लाल दिव्याचा टॉवर दिसला की त्याच्या पलीकडे उतर. दिवा चालू आहे ना?"

"असणारच," मी म्हटलं. "विठूमामाचा दिवा कधी बंद असतो का?"

विठू माझ्या शेजारी ओवाळणीचं ताट धरून उभा होता. फोन ठेवून मी वळले, तर ताट ओट्यावर आणि हा पाठमोरा, फाटकातून बाहेर जाताना. ताटातला लाल खणही नव्हता.

"विठ्या, कुठे निघालास? आणि खण कुठे नेतोस सुनेचा?"

तो एकदा थांबला. मागे बघितलं. आणि गेला. मी खूप बोलले त्याच्या पाठीवर. पाहुणे हसले.

माझी मुलगी रुचिका गच्चीवर हेलिकॉप्टरची वाट बघत होती. थोड्या वेळाने ती वरून म्हणाली, "आई, टॉवरवर कोणीतरी चढतंय."

मी जिन्यात जाऊन बघितलं. धुरकटात टॉवरची नुसती काळी रेघ, आणि त्या रेघेवर एक बारीक लाल ठिपका हळूहळू वर सरकत होता. हलायचा, थांबायचा, परत हलायचा. वर दिव्याच्या जागी काहीच नव्हतं. ठिपक्याच्या जरा वर गुलाबी काहीतरी दिसलं.

तिसऱ्या पायरीवर डोळे मिटणारा माझा भाऊ टॉवरच्या निम्म्यावर होता.

मी पळत सुटले. नऊवारी, पैठणी, काही बघितलं नाही. चप्पल मांडवातच राहिली. मैदानावर काळूराम आणि दोन-तीन माणसं चुन्याचं वर्तुळ आखून उभी होती. मी त्याला हाताने नुसतं वर दाखवलं. त्याने बघितलं आणि तोही माझ्याबरोबर पळाला.

टॉवरखाली पोचलो तेव्हा वरून शिडीच्या लोखंडाचा आवाज येत होता. शिडी थरथरत होती, वारा नव्हता तरी. विठूने बॅटरी कमरेला बांधली होती आणि तिच्या तोंडाला माझ्या सुनेचा लाल खण गुंडाळला होता. दिवा म्हणून. तो दिवा घेऊन तो वर चालला होता. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण हाक निघेना. लहानपणापासून माझ्या हाकेने हा दचकतो. दचकला तर हात सुटेल. मी पदर तोंडात कोंबला आणि तशीच उभी राहिले.

तेवढ्यात आवाज आला. आधी लांबून, पिठाच्या चक्कीसारखा. मग छातीत बसायला लागला. धुरातून एक पांढरा उजेड टॉवरच्या पाठीमागून सरळ आमच्याकडे येत होता. त्यात माझा मुलगा होता, आणि दुपारीच कपाळाला हळदकुंकू लावलेली त्याची बायको. आणि त्या उजेडाच्या वाटेत माझा भाऊ लोखंडाला चिकटून होता. एकाकडे बघावं तर दुसरा दिसायचा. मी देवाचं नाव घ्यायला गेले, तर एकाही देवाचं नाव आठवेना.

विठूने एक हात सोडला. बॅटरी सोडवून त्या उजेडाकडे धरायला बघत होता. एका हाताने गाठ सोडताना बॅटरी निसटली. वरून आपटत आपटत आली आणि आमच्या पायाशी फुटली. आता टॉवरवर काहीच उजेड नव्हता.

काळूराम केबिनमध्ये घुसला. विहिरीवरच्या पंपामुळे त्याला वायरींचं कळतं. आतून ओरडला, "ही मांडवाची वायर हाय. दिव्याची काढून ठेवलीय." मला वाटलं, तो दुसऱ्याच कुठल्या तरी टॉवरचं बोलतोय. मी म्हटलं, "काढ ती. लाव दिव्याची. लवकर लाव बाबा."

मागे आमच्या घराकडचा सगळा झगमगाट एकदम गेला. मांडवातून पाहुण्यांचा गलका ऐकू आला. आणि वर, विठूच्या डोक्याच्याही बऱ्याच वर, लाल दिवा लागला.

तो पांढरा उजेड वर उचलला गेला. किती अंतर राहिलं होतं ते मला विचारू नका, पायलटने नंतर दीपेशला सांगितलं आणि दीपेशने मला अजून सांगितलेलं नाही. हेलिकॉप्टर टॉवरवरून गेलं. त्या वाऱ्याने विठूचा फेटा सुटला आणि लांब गुलाबी पट्टा हवेत फडफडत धुरात गेला. मला वाटलं, विठूच गेला. मी खालीच बसले. काळूरामने माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाला, "हाय, गुणाबाय. बघ वर. धरून हाय तो."

हेलिकॉप्टर वळसा घालून मैदानात उतरलं. दीपेश बाहेर आला, तर आई नाही, मामा नाही, ओवाळायला कोणी नाही. माणसांनी त्याला टॉवर दाखवला. भाविकाला तशीच उभी करून तो धावत आला, बूट काढले आणि नवरदेवाच्या कपड्यात शिडीला लागला. मी त्यालाही अडवलं नाही. वर जाऊन त्याने गळ्यातला शेला सोडला, मामाच्या काखेतून घेतला आणि स्वतःच्या कमरेला बांधला. मग एकेक पाय. दीपेश खालून त्याचा पाय धरायचा, पायरीवर ठेवायचा, काहीतरी बोलायचा, मग दुसरा पाय. मध्येच बराच वेळ दोघंही थांबायचे. पूर्ण अंधार झाला तरी ते उतरतच होते, आणि मी खाली उभी राहून दोघांचे चार पाय बघत होते.

जमिनीला टेकल्यावर विठूची बोटं शिडीवरून सुटेनात. दीपेशने एकेक करून सोडवली. तळहात सोलले होते, दातखीळ बसल्यासारखी झाली होती. काळूरामने त्याला पाणी पाजलं. मी त्याच्यासमोर जाऊन बसले.

"विठू," मी म्हटलं. आवाज माझाच मला ओळखू येत नव्हता. "अरे, खालून वायर बदलायची होतीस. काळूरामला एक मिनिट लागलं. तू वर का गेलास?"

त्याने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "मांडवात अंधार झाला असता ना, ताई. तू ओरडली असतीस."

दीपेशने मान फिरवली. काळूराम पाण्याचा तांब्या घेऊन उगाच केबिनकडे गेला. मला ह्या पोराला जवळ घ्यायचं होतं. अंगाखांद्यावर वाढवलेला पोर माझा, त्याला म्हणायचं होतं, जळो तो मांडव. पण म्हटलं नाही. मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले.

विठूने माझ्या खांद्यावरून आमच्या घराकडे बघितलं. मांडव काळाठिक्कर होता. त्याचा चेहरा पडला. परत माझ्याकडे बघितलं, मी गप्पच. तो दीपेशच्या खांद्याला धरून धडपडत उठला.

"लावतो, ताई," तो म्हणाला. "लगेच लावतो. रागावू नको." आणि लटपटत्या पायांनी केबिनकडे पळायला लागला.